कार्बनच्या टाकीत रंग कधी अडकतो आणि कधी नाही

सुती कापड रिअ‍ॅक्टिव्ह रंगात रंगवलं की हौदात टाकलेला सगळा रंग काही धाग्याला बसत नाही. दहा भागांतला एक ते चार भाग रंग पाण्यातच राहतो. गडद छटा असेल तर जास्तच. त्या पाण्यात लिटरमागे ४० ते ८० ग्रॅम मीठ असतं, सोड्यामुळे पीएच ११ च्या आसपास असतो आणि हौदातून निघताना ते चांगलं गरमही असतं. इचलकरंजीचं प्रोसेस हाऊस असो की सोलापूरचं सूत रंगवणारं युनिट, ईटीपीपुढचा (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेपुढचा) प्रश्न तोच: बीओडी (घाण खायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आत येतो, सीओडी (रसायनानं ती घाण जाळायला लागणारा ऑक्सिजन) २५० च्या आत येतो, पण पाणी लालच्या लालच राहतं.

यात नवल काही नाही. हा रंग उन्हात उडू नये, साबणाला दाद देऊ नये म्हणूनच तयार केलेला असतो. एरेशन (हवा मारायच्या) टाकीतल्या जिवाणूंनाही तो सहजी दाद देत नाही. रेणूला सल्फोनेटचे गट जोडलेले असल्यानं तो पाण्यात पूर्ण विरघळतो, त्यामुळे तुरटी टाकली तरी नीट खाली बसत नाही. (पॉलिस्टरचे डिस्पर्स रंग मात्र तुरटीनं छान बसतात. म्हणून दोन्ही कापडांचं पाणी एकत्र येतं तिथे एक दिवस पाणी साफ आणि दुसऱ्या दिवशी रंगीत असा खेळ चालतो.) २०१६ च्या टेक्स्टाइल मानकांत रंगाची मर्यादा १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एकक (पाण्याचा रंग मोजायचं माप) आहे. तिथवर यायला शेवटी एक वाळूची आणि एक कार्बनची टाकी लावलेली असते. वाळूची टाकी आपलं काम करते. कार्बनची टाकी किती ठिकाणी खरोखर काम करते हा वेगळा विषय आहे; आतला कार्बन कधीच भरून गेलेला असतो आणि टाकी नुसती महागडी वाळू म्हणून उभी असते.

अडकतं म्हणजे नेमकं काय होतं

अधिशोषणात पाण्यातला पदार्थ घन पदार्थाच्या, म्हणजे शोषकाच्या, पृष्ठभागावर जाऊन चिकटतो. तो नष्ट होत नाही, जागा बदलतो. सगळा खेळ पृष्ठभागाचा, म्हणून पृष्ठभाग प्रचंड लागतो. एक ग्रॅम चांगल्या सक्रिय कार्बनमध्ये ८०० ते १२०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो, म्हणजे आठ ते बारा गुंठे. हा पृष्ठभाग कणाच्या बाहेर नसतो, आतल्या छिद्रांच्या भिंतींवर असतो.

खरेदीतली पहिली चूक इथेच होते. नारळाच्या करवंटीच्या कार्बनमध्ये बहुतेक छिद्रं २ नॅनोमीटरपेक्षा लहान असतात. त्याचा आयोडिन नंबर (ग्रॅमभर कार्बन किती मिलिग्रॅम आयोडिन धरतो तो आकडा) सहज १००० च्या पुढे जातो आणि दुकानदार तोच आकडा दाखवतो. आयोडिनचा रेणू इवलासा असतो, तो कुठेही शिरतो. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचे रेणू मोठे, अनेकांचा रेणुभार ६०० ते १००० च्या घरात. त्यांना २ ते ५० नॅनोमीटरची मध्यम छिद्रं लागतात आणि ती लाकडापासून किंवा दगडी कोळशापासून केलेल्या कार्बनमध्ये जास्त असतात. म्हणजे आयोडिन नंबर १०५० असलेला करवंटीचा कार्बन रंगासाठी ९०० वाल्या लाकडी कार्बनपेक्षा कमी पडू शकतो. रंग काढायचा असेल तर मिथिलिन ब्लू नंबर आणि मोलॅसिस नंबर (आयोडिनपेक्षा मोठ्या रेणूंवर काढलेले तसेच आकडे) मागायचा. क्लोरीन किंवा लहान सेंद्रिय रेणू काढायचे असतील तर करवंटीच बरी.

दुसरी गोष्ट विद्युतभाराची. प्रत्येक शोषकाचा एक पीएच असा असतो, जिथे त्याच्या पृष्ठभागावरचा एकूण भार शून्य होतो. पाण्याचा पीएच त्याखाली असेल तर पृष्ठभाग धन होतो आणि ऋण रंगाला ओढतो. वर असेल तर पृष्ठभाग ऋण होतो आणि धन आयनांना ओढतो. रिअ‍ॅक्टिव्ह, अ‍ॅसिड आणि डायरेक्ट रंग ऋण असतात. मिथिलिन ब्लू, मॅलेकाइट ग्रीन हे बेसिक रंग धन असतात. शिसं, तांबं, निकेल, जस्त, कॅडमियम हे साध्या पाण्यात धन आयन असतात. क्रोमियम सहा (सहा संयुजेचं क्रोमियम) मात्र ऑक्सिजनसोबत ऋण आयन बनून फिरतं.

हा शून्यबिंदू घरच्या लॅबमध्ये काढता येतो. लिटरला ०.५८ ग्रॅम मीठ घातलेलं डिस्टिल्ड पाणी घ्यायचं, ५० मिलिलिटरच्या सहा-सात बाटल्या भरायच्या आणि पातळ अ‍ॅसिड किंवा कॉस्टिकनं त्यांचे पीएच २ पासून १२ पर्यंत लावायचे. प्रत्येकीत ०.१५ ग्रॅम शोषक टाकून बाटल्या बंद करून ४८ तास हलवत ठेवायच्या. मग पुन्हा पीएच मोजायचा. ज्या पीएचवर सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा सारखाच येतो, तो शून्यबिंदू. वाफेनं सक्रिय केलेल्या कार्बनचा हा बिंदू बहुधा आठच्या वर सापडतो, कच्च्या लाकडी भुशाचा बराच खाली. म्हणून पीएच ७ च्या रिअ‍ॅक्टिव्ह पाण्यात भुसा टाकला तर तो रंगाला ढकलतो. हेच पीएच २ वर केलं तर काम होतं, पण रोज ५० हजार लिटर पाणी पीएच २ वर आणायला आणि पुन्हा ७ वर न्यायला अ‍ॅसिड आणि चुना किती लागेल हे भुशाची शिफारस करणाऱ्या रिपोर्टमध्ये कुठेच नसतं.

रिपोर्टमधला तो मोठा आकडा

शोषकांवरच्या लिखाणात एक आकडा ठळक असतो: कमाल क्षमता, ग्रॅममागे इतके मिलिग्रॅम. ३००, ५००, कधी १०००. हा आकडा लँगम्युअरच्या समीकरणातून येतो. पृष्ठभागावर ठरावीक जागा आहेत, प्रत्येकीत एकच रेणू बसतो, सगळ्या जागा भरल्या की झालं, असं हे गणित. अर्व्हिंग लँगम्युअरनं ते विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मांडलं. पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रातल्या कामासाठी त्याला १९३२ चं नोबेल मिळालं. गणित चोख आहे, वापर चुकतो. सगळ्या जागा भरण्यासाठी पाण्यात भरपूर रंग शिल्लक असावा लागतो. आपल्याला तर पाण्यात रंग जवळजवळ उरायलाच नको. म्हणून कमाल क्षमतेवर खरेदी करायची नसते. उरलेला रंग लिटरमागे ५ मिलिग्रॅम असताना कार्बन ग्रॅममागे किती धरतो तो आकडा लागतो. तो बऱ्याचदा निम्म्याहूनही कमी निघतो.

त्यात चाचणी बहुधा मिथिलिन ब्लूवर केलेली असते. मिथिलिन ब्लू म्हणजे सोपा पेपर. रेणुभार ३२० च्या आसपास, आकार लहान आणि भार धन, त्यामुळे झाडाचा कुठलाही पाला त्याला धरतो. काचेला चिकटतो, गाळणकागदालाही चिकटतो. ज्या शोषकानं मिथिलिन ब्लू ९८ टक्के काढला, तो ऋण भाराच्या रिअ‍ॅक्टिव्ह काळ्यासमोर पार नापास होऊ शकतो. चाचणी आपल्या स्वतःच्या पाण्यावर करायची, लॅबमध्ये रंग घोळून केलेल्या पाण्यावर नाही.

जार टेस्ट

पाणी एरेशन आणि सेटलिंगनंतरचं घ्या आणि एकाच दिवसाचं नको, आठवड्याच्या शिफ्टमधून जमवलेलं मिश्र घ्या. पाच बाटल्यांत प्रत्येकी १०० मिलिलिटर. शोषक वाळवलेला आणि तोललेला: ०.०५, ०.१, ०.२, ०.४ आणि ०.८ ग्रॅम. सहावी बाटली शोषकाशिवाय आणि सातवी डिस्टिल्ड पाण्यात नुसता शोषक. या शेवटच्या दोन बाटल्या वगळायचा मोह होतो, वगळू नका. सहावीवरून कळतं की बाटलीनं किंवा गाळण्यानं किती रंग खाल्ला, सातवीवरून कळतं की शोषकातूनच काही रंग किंवा टॅनिन सुटतंय का.

शेकरवर १५० फेऱ्यांनी हलवायचं. कार्बन दळून ०.०४५ मिलिमीटरच्या चाळणीतून काढलेला असेल तर दोन तास बहुधा पुरतात. दाणेदार तसाच टाकला तर २४ तासांतही समतोल येत नाही, कारण रेणूला आत झिरपत जायला लागणारा वेळ कणाच्या त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे वाढतो: दाणा दहापट मोठा, तर वेळ शंभरपट. दाणेदार कार्बनची क्षमता बघायची असली तरी चाचणीसाठी तो दळूनच घ्यायचा.

नंतर सेंट्रिफ्यूज करायचं. गाळायचंच असेल तर पहिले १०-१५ मिलिलिटर फेकून द्यायचे. रंग मोजण्याआधी सगळ्या नमुन्यांचा पीएच सारखा करायचा, कारण काही रंगांची छटा पीएचबरोबर बदलते आणि कार्बनमधली राख पीएच वर नेते. अनेक रंगांच्या मिश्रणात स्पेक्ट्रोफोटोमीटरची (पाणी किती प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या यंत्राची) एकच तरंगलांबी पुरत नाही. ४३६, ५२५ आणि ६२० नॅनोमीटर या तिन्हींवर मोजलं की पिवळा, लाल आणि निळा यांतला कोण मागे राहिला ते दिसतं. रीडिंग एकच्या वर जात असेल तर नमुना पातळ करून पुन्हा.

हिशेब साधा आहे. सुरुवातीला लिटरमागे १०० मिलिग्रॅम, शेवटी ८, पाणी ०.१ लिटर, शोषक ०.२ ग्रॅम: (१०० − ८) × ०.१ ÷ ०.२ = ग्रॅममागे ४६ मिलिग्रॅम. हे ४६ उरलेल्या ८ मिलिग्रॅमच्या जोडीनंच लिहायचे. सुटे लिहिले तर त्यांना अर्थ नाही.

याच आकड्यांवरून आणखी एक गोष्ट निघते, जिच्याकडे सहसा दुर्लक्ष होतं. पावडर कार्बन एकदम टाकण्यापेक्षा दोन हप्त्यांत टाकलेला बरा. समजा शोषक उरलेल्या तीव्रतेच्या सरळ प्रमाणात रंग धरतो: लिटरमागे १० मिलिग्रॅम उरला असेल तर ग्रॅममागे १०, आणि ३१.६ उरला असेल तर ३१.६. पाणी १०० वरून १० वर आणायचं आहे. एकाच टप्प्यात केलं तर ९० काढायचे, ग्रॅममागे १०, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम. दोन टप्प्यांत: आधी १०० वरून ३१.६, त्याला २.१६ ग्रॅम, गाळ काढून ३१.६ वरून १०, पुन्हा २.१६ ग्रॅम. एकूण ४.३२. निम्म्याहून कमी कार्बनमध्ये तेच काम. खऱ्या शोषकाची रेषा वाकडी असते, म्हणून इतका फायदा होईलच असं नाही, पण दिशा हीच राहते. दाणेदार कार्बनच्या उभ्या टाकीत हा फायदा आपोआप मिळतो: वरच्या थराला दाट पाणी भेटतं आणि खालच्याला जवळजवळ साफ.

टाकीचा हिशेब

दिवसाला ५० घनमीटर पाणी, २० तास चालू, म्हणजे तासाला २.५ घनमीटर. रंगासाठी रिकाम्या टाकीच्या हिशेबानं संपर्कवेळ २० मिनिटं धरू. १० मिनिटांत रंग निघत नाही, ३० मिनिटं मिळाली तर उत्तम. कार्बनचं आकारमान झालं ०.८३ घनमीटर आणि घनमीटरला ४८० किलो धरले तर साधारण ४०० किलो. वेग तासाला ५ मीटर ठेवायचा तर क्षेत्रफळ ०.५ चौरस मीटर, व्यास ८० सेंटिमीटर आणि थराची उंची १.६६ मीटर. बॅकवॉशमध्ये (खालून वर उलटं पाणी सोडून धुताना) थर फुगायला वर किमान त्याच्या एक-तृतीयांश जागा मोकळी हवी, म्हणून टाकीची सरळ उंची सव्वादोन मीटरच्या खाली नको.

आता ही टाकी किती दिवस चालेल? येणाऱ्या पाण्यात रंग लिटरमागे ३० मिलिग्रॅम, जाणाऱ्यात ५. दिवसाला २५ × ५० = १,२५० ग्रॅम रंग अडकतो. प्रत्यक्ष कामाची क्षमता ग्रॅममागे ५० मिलिग्रॅम धरली, तर ४०० किलो कार्बन २० किलो रंग धरेल. म्हणजे १६ दिवस. आणि आधीची प्रक्रिया कोलमडून पाणी २०० मिलिग्रॅमनं आलं तर? दिवसाला पावणेदहा किलो रंग, टाकी दोन दिवसांत खलास. कार्बन ही शेवटचा हात फिरवायची जागा आहे, पहिल्या फळीची नाही. ज्या युनिटमध्ये सेटलिंग आणि एरेशन धड चालत नाही, तिथे मोठी कार्बन टाकी लावून काही साधत नाही.

सोळा दिवस हाही आशावादी आकडा आहे, कारण रंगाशिवाय बाकीचे सेंद्रिय पदार्थही त्याच जागा घेतात: साबण, स्टार्च, सॉफ्टनर, लेव्हलिंग एजंट. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसे हे लहान रेणू आधी आत शिरून बसतात. रंगाचा जाडजूड रेणू दारातच अडकतो. उलटही घडतं. कमी ताकदीनं चिकटलेला पदार्थ नंतर आलेल्या ताकदवानाकडून उठवला जातो आणि काही काळ बाहेरच्या पाण्यात त्याची तीव्रता आत येणाऱ्यापेक्षाही जास्त दिसते. लॅबचा माणूस त्या दिवशी मीटरला दोष देतो. मीटर बरोबर असतो.

म्हणून दोन टाक्या एकामागे एक जोडतात. पहिलीच्या तळाशी येणारा रंग तिच्या आत येणाऱ्या रंगाच्या ५ ते १० टक्के झाला की फुटीला (रंग थरातून पार व्हायला) सुरुवात झाली; पण तिला लगेच रिकामं करायचं नाही, मागची टाकी अजून सांभाळते. पहिली जवळजवळ पूर्ण भरू द्यायची, मग कार्बन बदलून तिला दुसऱ्या नंबरवर लावायचं आणि दुसरीला पहिल्या नंबरवर. एकाच टाकीत ही चैन नाही: फूट दिसताच ती काढावी लागते आणि अर्धामुर्धा कार्बन वाया जातो. यासाठी चार-पाच वॉल्व्ह जास्त लागतात. त्या खर्चात कोणी हात आखडता घेऊ नये.

टाकी का बसते

नवा कार्बन कोरडा भरून लगेच पाणी सोडलं तर छिद्रांतली हवा आतच राहते, दाणे तरंगतात, थरात वाटा पडतात आणि पाणी त्या वाटांनी सरळ खाली येतं. भरल्यावर २४ तास भिजत ठेवायचा, मग खालून वर हळूहळू बॅकवॉश वाढवत काळं पाणी साफ होईपर्यंत धुवायचा. पहिल्या दिवशी पीएच नऊ-दहावर गेलेला दिसेल, राखेमुळे. ते पाणी परत इक्वलायझेशन टाकीत (ईटीपीच्या सुरुवातीला सगळं पाणी जमा होतं त्या टाकीत) घ्यायचं.

वाळूची टाकी नीट चालत नसेल तर गाळ कार्बनच्या वरच्या थरात भरतो आणि दाब वाढतो. इथे ऑपरेटर रोज जोरात बॅकवॉश करतो, तेही नुकसानीचं: वरचा भरलेला कार्बन आणि खालचा ताजा कार्बन एकमेकांत मिसळतात आणि रंग वेळेआधी टाकीतून पार होतो. थर २० ते ३० टक्के फुगेल एवढाच जोर पुरे आणि तोही दाब खरंच वाढल्यावर.

सुटीत टाकी पाणी भरून बंद ठेवली की दोन-तीन दिवसांत सडक्या अंड्याचा वास येतो. रंगाईच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं (ग्लॉबर सॉल्ट) आणि हवा संपली की जिवाणू त्याचा हायड्रोजन सल्फाइड करतात. सुटीआधी टाकी निथळून ठेवावी. आधीच्या टप्प्यात हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) वापरत असाल तर उरलेला क्लोरीन कार्बनच खाऊन टाकतो आणि त्यात कार्बनही खर्ची पडतो. हायपोचा डोस आवरा.

आणखी एक, आणि हे प्रत्येक टाकीवर लिहिलेलं असावं: ओला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. बंद टाकीत वास येत नाही, धूर दिसत नाही, तरी आत उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडू शकतो. मॅनहोल उघडून, ब्लोअरनं हवा मारून, ऑक्सिजन मीटर लावल्याशिवाय कोणीही डोकं आत घालायचं नाही. एक माणूस पडला म्हणून त्याला काढायला दुसरा उतरला की दोघंही जातात.

कार्बनचा मिठाशी काही संबंध नाही, हेही स्पष्ट असावं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) लिटरमागे ६,००० मिलिग्रॅम असेल तर कार्बननंतरही ६,०००च राहणार. मानक २,१०० आहे. तिरुप्पूरच्या रंगाई युनिटांना मद्रास उच्च न्यायालयानं २०११ मध्ये बंदचा आदेश दिला, तेव्हा नोय्यल नदीच्या बाबतीत रंगाइतकाच मिठाचाही मुद्दा होता. मीठ काढायला आरओ आणि बाष्पीभवन लागतं. कार्बन त्यांच्या आधी राहून मेम्ब्रेनला जपतो, एवढंच.

धातूंचं पाणी

प्लेटिंगच्या (धातूचा मुलामा चढवायच्या) शेडमध्ये गणित वेगळं. इथे शोषकाआधी निम्मी लढाई पाइपलाइनची असते. क्रोमची रिन्स (धुवणाचं पाणी) वेगळी, सायनाइडची वेगळी, अ‍ॅसिड-अल्कलीची वेगळी. सायनाइडच्या पाण्यात अ‍ॅसिड मिसळलं तर हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. पाइपलाइन वेगळ्या ठेवायचा हा नियम सोयीसाठी मोडायचा नाही.

क्रोमियम सहाचं पिवळं पाणी पीएच २ ते २.५ वर आणून सोडियम मेटाबायसल्फाइट टाकायचं. हिशेबानं एक किलो क्रोमियमला पावणेतीन किलो लागतं, हातचं राखून तीन-सव्वातीन धरतात. पिवळा जाऊन हिरवट झालं की क्रोमियम तीन तयार. मग कॉस्टिक किंवा चुन्यानं पीएच ८ ते ८.५ वर नेलं की ते हायड्रॉक्साइड होऊन बसतं. अडचण निकेल आणि जस्ताची. जस्त साडेनऊच्या पुढे नेलं तर पुन्हा विरघळायला लागतं, निकेलला नीट बसायला दहाच्या वर पीएच लागतो, आणि तेव्हा क्रोमियमही परत सुटू लागतं. एका पीएचवर सगळ्यांना बसवता येत नाही. त्यातून बाथमधला अमोनिया किंवा ईडीटीए धातूला कवटाळून असेल तर ते कुठल्याच पीएचवर बसत नाही. या उरलेल्या काही मिलिग्रॅमसाठी शोषक किंवा कीलेटिंग (धातूला चिमट्यासारखं धरणारं) रेझिन. सार्वजनिक जलस्रोतात सोडायच्या पाण्याची सर्वसाधारण मर्यादा क्रोमियम सहासाठी ०.१ मिलिग्रॅम, शिशासाठी ०.१, निकेल आणि तांब्यासाठी ३, जस्तासाठी ५. क्रोमियम सहा आणि शिशाला पळवाट नाही.

कार्बन क्रोमियम सहाला पीएच २ ते ३ वर धरतो, पण हे धरणं साधं नाही. आम्लात कार्बन स्वतःच क्रोमियम सहाचं क्रोमियम तीन करतो, ते धन असतं आणि पुन्हा पाण्यात सुटतं. फक्त क्रोमियम सहा मोजलं तर ९९ टक्के यश दिसतं. एकूण क्रोमियम मोजलं की खरं कळतं. दोन्ही मोजा.

तांबं, शिसं, निकेलसाठी पीएच ५ ते ६ बरा. त्याखाली हायड्रोजन आयनच जागा अडवतात. त्यावर धातू हायड्रॉक्साइड होऊन बसू लागतो आणि बसलेला धातूही शोषकाच्या खात्यावर जमा होतो. पीएच ८ वर शोषकानं तांबं ९९.५ टक्के काढलं, असा दावा आला तर विचारा: शोषक न टाकता त्याच पीएचवर किती निघालं? बहुतेक श्रेय पीएचचंच असतं. शिवाय बोअरच्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची स्पर्धा असतेच. डिस्टिल्ड पाण्यातली क्षमता कडक पाण्यात बरीच घसरते.

नमुना घेण्यातही गोम आहे. धातूंसाठी बाटलीत नायट्रिक अ‍ॅसिड टाकून पीएच २ च्या खाली ठेवतात, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतो. क्रोमियम सहाच्या नमुन्यात मात्र अ‍ॅसिड टाकायचं नाही. पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांमुळे ते वाटेतच क्रोमियम तीन होतं आणि रिपोर्ट सुंदर येतो.

चिपाडं, भुसा, कोळंबीची टरफलं

उसाची चिपाडं, शेंगदाण्याची फोलं, तांदळाचं तूस, नागपुरी संत्र्याची साल, बाभळीचा भुसा यांवर भरपूर काम झालंय आणि यातलं काही खरंच उपयोगी आहे. कच्च्या स्वरूपात यांच्यातले कार्बोक्सिल आणि हायड्रॉक्सिल गट धन आयनांना धरतात, म्हणजे बेसिक रंग आणि धातू. रिअ‍ॅक्टिव्ह रंगासाठी कच्ची चिपाडं निकामी. आणि कच्चा माल पाण्यात टाकला की टॅनिन सुटतं, सीओडी वाढतो, चार दिवसांत सडतो. निदान उकळत्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन, १०५ अंशांवर वाळवून, चाळून तरी घ्यायचा.

त्यापासून कार्बन करायचा तर सर्वांत आटोपशीर रस्ता फॉस्फोरिक अ‍ॅसिडचा. वाळवलेला भुसा एका वजनाला एक ते दोन वजन फॉस्फोरिक अ‍ॅसिडमध्ये रात्रभर भिजवायचा, ११० अंशांवर कोरडा करायचा, हवा न लागता ४५० ते ५०० अंशांवर तासभर तापवायचा. थंड झाल्यावर गरम पाण्यानं धुवायचा, धुवणाचा पीएच ६ च्या वर येईपर्यंत. हे धुणंच लोक अर्धवट सोडतात. मग अ‍ॅसिड सुटून पाण्याचा पीएच पडतो, फॉस्फेट वाढतं आणि दोष कार्बनला. धुवणातलं अ‍ॅसिड परत वापरलं नाही तर हा प्रकार स्वस्त राहतच नाही. ‘टाकाऊ’ मालही फुकट नसतो: साखर कारखान्याची चिपाडं बॉयलरमध्ये जातात, त्यांना इंधनाचा भाव आहे.

रिअ‍ॅक्टिव्ह रंगासाठी लक्ष द्यावं असा एक देशी पदार्थ म्हणजे कायटोसान. कोकणात कोळंबी सोलण्याच्या शेडमागे टरफलांचा ढीग असतो. पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडनं त्यातला चुना काढायचा, पातळ कॉस्टिकनं प्रथिनं काढायची, मग ४० ते ५० टक्के कॉस्टिकमध्ये शंभर अंशांच्या आसपास काही तास ठेवायचं. मिळतं ते कायटोसान. त्याचे अमीन गट आम्लधर्मी पाण्यात धन होतात आणि ऋण रंग घट्ट धरतात. पण ते पातळ अ‍ॅसिडमध्ये विरघळतं, म्हणून ग्लुटराल्डिहाइडनं रेणू एकमेकांना बांधून घ्यावे लागतात आणि त्यात काही अमीन गट खर्ची पडतात. पाणी पीएच ८ चं असेल तर भारही जातो. शिवाय इतकं तीव्र कॉस्टिक वापरून तयार होणाऱ्या वस्तूला ‘निसर्गस्नेही’ म्हणताना जरा थांबावं.

भरलेला कार्बन

रंग धरलेला दाणेदार कार्बन भट्टीत वाफेसोबत ८०० ते ९०० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येतो; दर फेरीला ५ ते १० टक्के माल जळून-झडून कमी होतो. हे मोठ्या प्रमाणावरच परवडतं, ४०० किलोसाठी कोणी भट्टी पेटवत नाही. धातू धरलेला शोषक पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडनं (०.१ मोलर) धुतला की धातू बऱ्यापैकी सुटतो, क्रोमियम सहा सोडवायला कॉस्टिक लागतं. सुटलेला धातू थोड्या पण दाट द्रावणात आलेला असतो. ते द्रावण परत प्लेटिंगच्या बाथमध्ये किंवा अवक्षेपणाच्या टाकीत गेलं तरच या धुण्याला अर्थ आहे, नाहीतर दूषित पाणी एका बादलीतून दुसऱ्या बादलीत गेलं इतकंच.

पुन्हा न वापरता येणारा कार्बन आणि धातूचा गाळ हा २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा. तो शेडमागे टाकता येत नाही, वीटभट्टीला देता येत नाही. पक्क्या फरशीवर, छपराखाली, लेबल लावलेल्या पिंपात ९० दिवसांपर्यंत ठेवता येतो, मग फॉर्म १० चं मॅनिफेस्ट (वाहतुकीचं नोंदपत्र) भरून तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या अधिकृत केंद्रात. तिथे वजनावर पैसे लागतात आणि ओल्या कार्बनमध्ये निम्मं वजन पाण्याचंच असतं. पिंपात भरण्याआधी तो जाळीवर चांगला निथळू द्यावा. निथळलेलं पाणी गटारात नाही, इक्वलायझेशन टाकीत.